सड्यावर वायरी पसरून जमिनीखालचं खनिज खरंच कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, काही माणसं आली, वायरी पसरल्या, सळ्या ठोकल्या, दांडीवर यंत्र धरून ओळीने चालत गेली आणि खड्डा न काढता परतली. एवढ्यावर खाली बॉक्साइट, लोह किंवा क्रोमाइट आहे हे कळतं का? ही पद्धत आली कुठून, आणि कोकणात ती कितपत चालते?

खनिज कळत नाही, फरक कळतो. आजूबाजूच्या खडकापेक्षा खालचा खडक जास्त चुंबकीय आहे का, जड आहे का, वीज जास्त सहज जाऊ देतो का, एवढंच कुठलंही यंत्र सांगतं. तो फरक खनिजामुळे आहे, मातीमुळे की खाऱ्या पाण्यामुळे, हे माणसाला ठरवावं लागतं. म्हणून "कोणतं यंत्र चांगलं" यापेक्षा "जे शोधतोय ते आणि त्याच्या भोवतीचं, यात नेमका कुठला गुणधर्म वेगळा आहे" हा प्रश्न आधी विचारायचा. कोकणात या प्रश्नाचं उत्तर दर दहा-वीस किलोमीटरवर बदलतं. उत्तरेकडे बेसाल्ट आणि त्यावर जांभा. सिंधुदुर्गात उतरलं की बेसाल्टच्या बाहेर कलादगीचे वालुकाश्म आणि त्याहून जुने धारवाडी खडक.

सुरुवात चुंबकसुईपासून झाली. स्वीडनमधले खाणकामगार सतराव्या शतकापासून सुईने लोहखनिज शोधत. 1879 मध्ये रॉबर्ट थालेन यांनी या मोजणीला शास्त्रीय बैठक दिली. तिथे हे सोपं होतं, कारण खनिज मॅग्नेटाइट (जोरदार चुंबकीय लोहखनिज) होतं आणि तिथलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ उभं खाली शिरतं, त्यामुळे सुई खनिजाच्या बरोबर डोक्यावर झुकते. कोकणात क्षेत्राचा कल आडवा आहे. अलिबागला क्षितिजापासून साधारण 26-27 अंश, सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला रेडीकडे त्याहून कमी, विसाच्या आसपास. परिणाम असा की पूर्व-पश्चिम पसरलेल्या चुंबकीय खडकावरून तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलात तर आधी दक्षिणेला चढ दिसतो, मग उत्तरेला मोठा खड्डा, आणि खडक या दोघांच्या मधे, बऱ्याचदा खड्ड्याच्या बाजूला झुकलेला असतो. नकाशावरच्या सगळ्यात लाल ठिपक्यावर बोअर मारणं ही म्हणूनच इथली सगळ्यात महागडी चूक. शिवाय उत्तर-दक्षिण पसरलेल्या खडकाचा संकेत या अक्षांशावर मुळातच अशक्त येतो, आणि किनाऱ्यालगतचे बरेचसे डाइक (भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती) नेमके उत्तर-दक्षिण आहेत.

चुंबकीय मोजणीत कोकणाचा स्वतःचा मोठा वाटा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईच्या ट्राम विजेवर जाणार हे ठरल्यावर त्या नोंदी बिघडणार हे उघड झालं, म्हणून 1904 मध्ये अलिबागला अचुंबकीय दगडात नवी वेधशाळा उभारली गेली. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकत्र मोजणी चालली, जेणेकरून नोंदींचा धागा तुटू नये. हे काम नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली झालं. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. शोधकार्यात तिचा उपयोग थेट आहे: क्षेत्र दिवसभरात, अगदी शांत दिवशीही, काही दहा नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) वरखाली होतं आणि चुंबकीय वादळात शेकड्यांनी. ज्या दिवशी वादळ, त्या दिवशी सड्यावरचं काम बंद. शांत दिवशीही एक यंत्र तळावर ठेवून दर मिनिटाला नोंद घ्यायची आणि चालत्या यंत्राच्या रीडिंगमधून तो बदल वजा करायचा. हे न करता काढलेला नकाशा सकाळ-दुपारचा फरक दाखवतो, जमिनीचा नाही.

यंत्र कसं बदललं तेही पाहा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी विमानात बसवलेला फ्लक्सगेट हा चुंबकमापक, ज्यात व्हिक्टर व्हाकिए यांचं मोठं काम आहे, युद्धानंतर खनिजशोधाकडे वळला. 1950 च्या दशकात प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आला. त्यात रॉकेलसारख्या हायड्रोजनयुक्त द्रवाची बाटली आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं असतं. विजेचा झटका देऊन प्रोटॉन एका दिशेला वळवायचे आणि सोडायचे, की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती डोलू लागतात. आपल्याकडे क्षेत्र साधारण 42 ते 43 हजार नॅनोटेस्ला, म्हणजे डोलण्याची वारंवारता सुमारे 1800 हर्ट्झ. वारंवारता मोजली की क्षेत्र कळलं. सुई नाही, तराजू नाही, सपाटी करायची गरज नाही.

पण मॅग्नेटाइटचा मोठा साठा किंवा उघडा बेसाल्ट असला की बाटलीच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकालाच वेगळं क्षेत्र लागतं, प्रोटॉन वेगवेगळ्या तालात डोलतात आणि संकेत सेकंदाच्या आत विझतो. रीडिंग सुसाट उड्या मारायला लागलं तर यंत्र बिघडलं असं समजून घरी जायचं नाही. दांडी उंच करा, दोन-अडीच मीटरवर न्या. तेवढ्याने भागलं नाही तर सीझियम किंवा ओव्हरहाउझर प्रकारचं यंत्र लागतं. आणि मोजणाऱ्याने कंबरेचा कोयता, पट्ट्याचं बक्कल, मोबाइल, चाव्या तळावर काढून ठेवायच्या. जीप तीस-चाळीस मीटर लांब. तारेचं कुंपण, पंप, वीजवाहिनी, कोकण रेल्वेची मार्गिका दिसली की वहीत त्या स्टेशनापुढे (मोजणीच्या जागेपुढे) शेरा मारायचा, कारण तीन महिन्यांनी नकाशावर दिसणारी सुंदर सरळ रेषा ही पाण्याची पाइपलाइन होती हे कुणाला आठवत नाही.

बेसाल्टवर आणखी एक पेच आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजला तेव्हा त्याने त्या वेळच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवली, आणि त्याच्या बऱ्याच मोठ्या भागात ती आजच्या उलट आहे. ही जुनी चुंबकता आजच्या क्षेत्राने निर्माण होणाऱ्या चुंबकतेपेक्षा पुष्कळदा जास्त भरते. त्यामुळे चढाच्या जागी उतार दिसतो. त्यात उघड्या सड्यावर वीज पडलेल्या जागा स्वतंत्रपणे चुंबकीय झालेल्या असतात आणि जांभ्यातले बारीक मॅगहेमाइटचे (चुंबकीय लोहऑक्साइडचे) खडे वरच्या वर खडखडाट करतात. बेसाल्टखाली काही शोधायचं असेल तर जमिनीवरची चुंबकीय मोजणी एकटी पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेडीकडे चित्र वेगळं. तिथलं लोहखनिज धारवाडी पट्टेदार लोहखडकांतून आलेलं. खाली न बदललेल्या खडकात मॅग्नेटाइट शिल्लक असतं, वर पाण्याने झिजून, सिलिका निघून जाऊन झालेलं श्रीमंत खनिज बहुतांशी हेमाटाइट-गोथाइट असतं आणि ते फारच कमी चुंबकीय. म्हणजे नकाशावरचा जोरदार पट्टा तुम्हाला लोहखडकाची रांग कुठून कुठे जाते ते दाखवतो, पण विकण्याजोगा माल पुष्कळदा त्या रांगेतल्या मंद भागात बसलेला असतो. "जितकं चुंबकीय तितकं चांगलं" हे समीकरण इथे मोडतं.

आता वायरी आणि सळ्या. 1830 मध्ये रॉबर्ट फॉक्स यांना कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणीत शिरांवर आपोआप निर्माण झालेला विद्युतदाब सापडला. ही स्वयंविभव पद्धत. बाहेरून वीज सोडून मोजायचं काम कॉनराड श्लुम्बर्गर यांनी 1912 मध्ये नॉर्मंडीत सुरू केलं, आणि फ्रँक वेनर यांनी 1915 च्या सुमारास चार समान अंतरांच्या सळ्यांची मांडणी रूढ केली. तत्त्व तेच आहे: बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडा, आतल्या दोन सळ्यांमधला दाब मोजा. वेनर मांडणीत रोधकता (खडक विजेला किती अडवतो त्याचं माप) म्हणजे 6.28 गुणिले सळ्यांमधलं अंतर गुणिले दाब भागिले प्रवाह. अंतर 10 मीटर, दाब 20 मिलिव्होल्ट, प्रवाह 50 मिलिअँपिअर असेल तर सुमारे 25 ओहम-मीटर. सळ्या लांब लांब नेत गेलं की प्रवाह खोल शिरतो. किती खोल, याबद्दल मात्र खूप गैरसमज आहे. श्लुम्बर्गर मांडणीत (आतल्या सळ्या जवळ ठेवून बाहेरच्या लांब नेतात ती) बाहेरच्या दोन सळ्यांमधल्या एकूण अंतराच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंतचीच माहिती ठळक येते. 200 मीटर वायर पसरली तर 40 मीटर धरा, 100 नाही.

सड्यावर खरी अडचण सळीच्या टोकाला असते. उन्हात तापलेल्या कातळात सळी जात नाही, आणि गेली तरी स्पर्शरोध (सळी आणि कातळ यांच्यातला विद्युतरोध) काही दहा हजार ओहम. 400 व्होल्ट देऊनही 40 हजार ओहममधून जेमतेम 10 मिलिअँपिअर जातात आणि आतल्या सळ्यांवर काही मोजण्याजोगं उरत नाही. उपाय असा: हॅमर ड्रिलने किंवा पहारीने 15-20 सेंटिमीटरचं भोक करायचं, त्यात मीठपाण्यात भिजवलेली बेंटोनाइट किंवा साधी चिकणमाती ठासायची, सळी रोवायची आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. तरी प्रवाह कमी असेल तर शेजारी तीन-चार सळ्या जोडून समांतर करायच्या. मीठपाणी फक्त प्रवाहाच्या सळ्यांना, आणि तेही ओतत सुटायचं नाही. अंतर दीड मीटर असताना सळीभोवती अर्धा मीटर ओला ठिपका झाला की गणितातलं "एका बिंदूतून प्रवाह" हे गृहीतकच संपतं. रोवण्याची खोली अंतराच्या विसाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणून जवळच्या रीडिंगला सळ्या उथळच ठेवायच्या आणि दूर जाताना खोल करायच्या. मोजणीचा चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यावर, कातळ अजून आतून ओला असताना. पण तेव्हा गवत आणि दव असतं, आणि वायरीचं आवरण कुठे कापलेलं असेल तर तिथून प्रवाह गळतो. तपासायची रीत सोपी आहे: लांबची सळी सोडवा, वायरीचं टोक हवेत धरा आणि प्रवाह सोडा. शून्य यायला हवा. शून्य नसेल तर वायर बदला, आकडे दुरुस्त करत बसू नका.

सड्याच्या कड्याजवळ लाइन टाकली तर एका बाजूला खडकाऐवजी हवा येते आणि रोधकता खोटी वाढलेली दिसते. लाइन कड्याला समांतर ठेवा, आणि कड्यापासून निदान वायरीच्या अर्ध्या लांबीइतकं अंतर राखा. चिरेखाणीच्या कडेलाही हेच.

सगळं नीट केलं तर सड्यावरचा आलेख बहुधा एकाच घाटाचा येतो: वर कडक जांभा, हजार ओहम-मीटर किंवा त्याहून जास्त, खाली मऊ पांढरट-जांभळट चिकणमाती, 20 ते 50, त्याखाली बेसाल्ट, पुन्हा चढ. यातून कडक थराची जाडी बऱ्यापैकी कळते. मधल्या मातीची जाडी मात्र एकटी कळत नाही, कारण आलेख जाडी आणि रोधकता यांचा फक्त भागाकार ओळखतो. 20 ओहम-मीटरची 10 मीटर माती आणि 40 ओहम-मीटरची 20 मीटर माती आलेखावर सारखीच दिसते. जवळ एखादी विहीर किंवा बोअर असेल तर तिथली खरी खोली घालून हा गुंता सोडवायचा असतो. विहिरीजवळ एकही मोजणी न करता दिलेला अहवाल मी अपुरा मानतो.

बॉक्साइटचं उत्तर यातूनच निघतं. दापोली-मंडणगड आणि श्रीवर्धनच्या सड्यांवर बॉक्साइट जांभ्यात खिसे-खिसे करून असतं. बॉक्साइट आणि जांभा यांची रोधकता, घनता, चुंबकता एकमेकांत इतकी मिसळते की अॅल्युमिना किती टक्के हे यंत्र सांगू शकत नाही. यंत्र कडक थर कुठे जाड आहे ते दाखवतं आणि त्यामुळे खड्ड्यांची संख्या घटते, इतकाच फायदा. प्रत बघायला नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. कंपनांची अपवर्तन पद्धत, जी लुडगर मिंट्रोप यांनी 1919 मध्ये पेटंट केली आणि पुढे तेलशोधात गाजली, ती सड्यावर फसते. तिला खाली जाताना कंपनांचा वेग वाढत जावा लागतो. इथे वर कडक, खाली मऊ. मऊ थर तिला दिसतच नाही आणि बेसाल्टची खोली चुकते.

कणकवलीजवळ जानवली-वागदे भागातल्या क्रोमाइटला गुरुत्व पद्धत जवळची. क्रोमाइट स्वतः फारसं चुंबकीय नाही, वीजवाहकही नाही, पण जड आहे. ज्या अतिअल्पसिलिक खडकात ते असतं तो पाण्याच्या क्रियेने बदलून सर्पेंटाइन होताना मॅग्नेटाइट तयार होतं, म्हणून चुंबकीय मोजणी यजमान खडक शोधते आणि गुरुत्व त्यातली जड भिंगं. आकडे पाहा. 10 मीटर त्रिज्येचा गोळा, केंद्र 20 मीटर खोल, भोवतालापेक्षा घनता दर घन सेंटिमीटरला 1.5 ग्रॅमने जास्त, तर वर फरक पडतो सुमारे 0.1 मिलिगॅल (हे गुरुत्व मोजण्याचं एकक). एकूण गुरुत्व आहे साधारण 9 लाख 78 हजार मिलिगॅल. केंद्र 40 मीटरवर गेलं की तोच फरक 0.026 वर येतो. आणि जमिनीची उंची मोजताना 10 सेंटिमीटर चूक झाली तर 0.02 मिलिगॅलची चूक आपोआप झाली. म्हणजे यंत्राइतकंच लेव्हलिंग महत्त्वाचं. सूर्य-चंद्राच्या ओढीने दिवसभरात होणारा बदलच 0.2-0.3 मिलिगॅलपर्यंत जातो, म्हणून दर तास-दोन तासांनी तळावर परतून पुन्हा रीडिंग घ्यावं लागतं. पावसाळी समुद्राच्या लाटांचा ठोका किनाऱ्यालगत यंत्राला जाणवतो, तेव्हा रीडिंग लांबवून सरासरी घ्यायची. शेजारच्या डोंगराची आणि दरीची दुरुस्ती केली नाही तर कोकणात नकाशावर फक्त डोंगरच उमटतात.

इतक्या बारीक फरकापर्यंत पोहोचायला वेळ लागला. एटव्हश यांचा पीळतराजू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला, पण एका जागेला काही तास लागत. 1934 मध्ये लाकोस्ट यांनी शून्यलांबीच्या स्प्रिंगची कल्पना मांडली, त्यावरची हातात नेता येणारी यंत्रं आली आणि काम मिनिटांवर आलं.

विद्युतचुंबकीय पद्धतीला सळ्या लागत नाहीत. वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडायचा आणि वाहक खनिजात उमटलेला प्रतिसाद दुसऱ्या वेटोळ्याने टिपायचा. 1920 च्या दशकात ती स्वीडनमध्ये वाढली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात विमानात गेली. ओंटारिओतलं किड क्रीक इथलं तांबे-जस्ताचं प्रचंड मोठं खनिज विमानातून दिसलेल्या अशाच संकेतावर 1963 मध्ये बोअर मारून सापडलं. भारतात 1967 मध्ये ऑपरेशन हार्डरॉक या नावाने राजस्थान, बिहार, आंध्रात विमानातून असं सर्वेक्षण झालं. किनारपट्टीवर या पद्धतीला खारं पाणी आडवं येतं. 1000 हर्ट्झला 20 ओहम-मीटरच्या मातीत लहरी सुमारे 70 मीटरपर्यंत टिकतात, 1 ओहम-मीटरच्या खाऱ्या वाळूत 16 मीटरवरच विरतात. खाडीजवळ म्हणून तिचा उपयोग खनिजापेक्षा खाऱ्या पाण्याची हद्द आखायला जास्त होतो, आणि त्या कामात ती उत्तम आहे.

प्रेरित ध्रुवीकरण पद्धतीत प्रवाह बंद केल्यावर दाब किती हळू ओसरतो ते मोजतात. विखुरलेल्या सल्फाइडसाठी (गंधकयुक्त धातुखनिजांसाठी) ती फार चांगली, पण चिकणमाती आणि ग्रॅफाइटही तसाच प्रतिसाद देतात. दाबाच्या सळ्यांच्या जागी मोरचुदाच्या संपृक्त द्रावणातल्या तांब्याच्या कांड्या असलेली सच्छिद्र भांडी वापरायची. सकाळी दोन भांडी एकाच ओल्या मातीत ठेवून त्यांच्यातला फरक एक-दोन मिलिव्होल्टच्या आत आहे ना हे पाहायचं.

काळबादेवी, मालगुंड भागातल्या काळ्या रेतीबद्दल थोडंच सांगतो. तिच्यात इल्मेनाइट (टायटॅनियमचं खनिज) आणि मॅग्नेटाइट बेसाल्टमधून आलेलं आहे, त्यामुळे केरळच्या रेतीसारखं किरणोत्सारी मोनाझाइट तिच्यात नगण्य. किरणोत्सार मोजून ती शोधता येत नाही, चुंबकीय मोजणी चालते, आणि तीही मॅग्नेटाइट दाखवते. इल्मेनाइट किती ते रेती गाळून-वेगळी करूनच कळतं.

आजकाल संगणक रंगीत काप काढून देतो. त्यावर फार विसंबू नका. एकाच मोजणीला बसतील अशी अनेक चित्रं असतात, आणि संगणक त्यातलं सगळ्यात गुळगुळीत निवडतो. म्हणून दोन वेगळ्या गुणधर्मांच्या पद्धती एकाच लाइनवर घ्यायच्या, आणि बोअर मारल्यावर निघालेल्या गाभ्याची चुंबकग्राहिता (तो किती चुंबकीय होतो ते), घनता, रोधकता मोजून बघायची. त्या आकड्यांतून वर मोजलेला संकेत जमत नसेल तर बोअर चुकला आहे किंवा खनिज बाजूला आहे.

तुमच्या सड्यावर मोजणी झाली म्हणजे खाण येणारच असं नाही. शोधाचे टप्पे जी-4 (प्राथमिक टेहळणी) ते जी-1 (सविस्तर शोध) असे असतात आणि वायरी-सळ्यांचं काम प्रामुख्याने पहिल्या दोन टप्प्यांत येतं. साठा ठरतो तो पुढच्या टप्प्यांतल्या दाट बोअरांवरून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर, आणि डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारावर, उपलब्ध नकाशे नोंदणी करून पाहता येतात. तिथे आपला तालुका उघडून आधी खडकांचा नकाशा बघा, मग त्यावर चुंबकीय आणि गुरुत्वाचा थर ठेवा. कुणी खासगी अहवाल दाखवत असेल तर तळाच्या नोंदी, प्रत्येक स्टेशनाची उंची आणि कच्ची रीडिंगं मागा.